राष्ट्राच्या नावावर काढलेले कर्ज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या विषयाची सुरुवात एका नोटेपासून करतो. १९७१ साली ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक चुंग जू-युंग जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी कर्ज मिळवायला लंडनला गेले होते. जवळ एका ओसाड किनाऱ्याचे छायाचित्र होते आणि मोठे जहाज बांधण्याचा अनुभव शून्य होता. ज्या ब्रिटिश सल्लागार कंपनीची शिफारस हवी होती, तिचे अध्यक्ष काही केल्या मान हलवेनात. तेव्हा चुंग यांनी खिशातून पाचशे वॉनची नोट काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्या नोटेवर कासवाच्या पाठीसारखे छप्पर असलेल्या एका युद्धनौकेचे चित्र होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस यी सुन-शिन या कोरियन सेनापतीने अशा नौका वापरून जपानी आरमाराला धूळ चारली होती. 'तुमच्याआधी तीनशे वर्षे आम्ही चिलखती जहाजे बांधत होतो,' अशा अर्थाचे काहीतरी चुंग बोलले आणि त्यांना शिफारस मिळाली. ही हकिगत चुंग स्वतः मोठ्या रंगात येऊन सांगत असत.

गोष्ट चांगलीच आहे, पण ती अर्धी आहे. केवळ नोटेवरचे चित्र पाहून कोणी कोट्यवधींचे कर्ज देत नाही. त्या कर्जामागे दक्षिण कोरियाच्या सरकारची हमी होती. ते सरकार होते राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांचे, म्हणजे दहा वर्षांपूर्वी लष्करी बंड करून सत्तेवर आलेल्या एका सेनाधिकाऱ्याचे. लंडनच्या त्या टेबलावर राष्ट्राभिमान होता, हुकूमशाहीची हमी होती आणि भांडवलाची मागणी होती. या तिघांचे नाते काय, ते एकमेकांना काय देतात आणि त्याचा खर्च कोणाच्या नावे पडतो, हाच आजचा विषय आहे.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. 'देश पुढे न्यायचा तर एक खंबीर हात हवा, ही चर्चा आणि निवडणुका नंतर बघू' असे आपण रेल्वेच्या डब्यात ऐकतो, लग्नाच्या पंगतीतही ऐकतो. १९७५ ते ७७च्या आणीबाणीत 'गाड्या वेळेवर धावतात' असे कौतुकाने सांगणारे लोक आपल्याकडेही होते. असे बोलणाऱ्याला उदाहरण विचारले, तर तो बहुधा सिंगापूरचे किंवा दक्षिण कोरियाचे नाव घेतो. म्हणून दक्षिण कोरियाची हकिगत जरा नीट पाहू.

राखेतून सुरुवात

१९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानची वसाहत होता. शेवटच्या वर्षांत कोरियन माणसांना जपानी नावे घ्यायला लावली गेली आणि लाखो माणसे जपानच्या खाणींत व कारखान्यांत राबायला नेली गेली. १९४५ साली जपान हरले. स्वातंत्र्य आले ते देशाचे दोन तुकडे करूनच. वीजनिर्मिती आणि अवजड कारखाने बहुतेक उत्तरेत राहिले, शेती दक्षिणेत राहिली. मग १९५० ते १९५३ युद्ध झाले. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची देखरेख करण्यासाठी भारताने सैन्यदल पाठवले होते, आणि त्याचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. त्यांच्या जवानांनी पाहिला तो देश म्हणजे जळून गेलेली गावे आणि मोडून पडलेले पूल. आजच्या मोटारी आणि टीव्ही बनवणारा कोरिया तो नव्हे. १९६१ साली दक्षिण कोरियाचे दरडोई उत्पन्न वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर होते.

त्याआधी, १९६०च्या एप्रिलमध्ये, विद्यार्थ्यांच्या उठावाने सिंगमन री यांची भ्रष्ट राजवट खाली खेचली होती. निवडून आलेले नवे सरकार जेमतेम वर्षभर टिकले. १६ मे १९६१च्या पहाटे पार्क यांच्या तुकड्या सोलमध्ये शिरल्या.

हा माणूस गरीब शेतकऱ्याच्या घरातला होता. त्याने सुरुवातीला शाळामास्तरकी केली. पुढे मांचुरियातल्या आणि मग जपानमधल्या सैनिकी विद्यालयात शिकून तो जपानच्या अंकित सैन्यात अधिकारी झाला. तेव्हाचे त्याचे नाव ताकागी मासाओ. म्हणजे कोरियन राष्ट्रवादाचा पुढचा मुख्य पुजारी घडला तो कोरियाच्या शत्रूच्या छावणीत. सैन्य, नोकरशाही आणि कारखाने एकाच हुकमाने कसे चालवायचे, हे त्याने मांचुरियात पाहिले होते.

उद्योगपतींशी सौदा

बंडानंतर काही दिवसांतच बड्या उद्योगपतींना 'बेकायदा संपत्ती' जमवल्याबद्दल अटक झाली. जुन्या राजवटीत या मंडळींनी परवाने आणि अमेरिकेची मदत यांवर हात मारला होता, त्यामुळे लोक खूश झाले. त्या वेळी सॅमसंगचे ली ब्युंग-चुल टोकियोत होते. ते परत आले, पार्क यांना भेटले आणि बोलणी झाली. यांना तुरुंगात टाकले तर कारखाने कोण काढणार, हा मुद्दा पार्क यांना पटला. उद्योगपती सुटले. दंडाची फेड नवे कारखाने उभारून करायची मुभा त्यांना मिळाली. त्याच वर्षी व्यापारी बँका मात्र सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या.

दक्षिण कोरियाच्या पुढच्या वीस वर्षांची किल्ली या सौद्यात आहे. कारखाना खासगी, नफा खासगी, पण पतपुरवठ्याची नाडी सरकारच्या मुठीत. साध्या कर्जावर व्याज वीस टक्क्यांच्या वर होते, तेव्हा निर्यात करणाऱ्याला ते सहा-साडेसहा टक्क्यांनी मिळे. महागाईचा हिशेब धरला, तर हे कर्ज म्हणजे जवळजवळ बक्षीसच. पण बक्षिसाला अट होती. दर महिन्याला निर्यातवाढीची बैठक भरे आणि पार्क स्वतः तिचे अध्यक्षपद घेत. कोणी किती माल परदेशी विकला, याचा हिशेब राष्ट्राध्यक्षांपुढे द्यावा लागे. जो दिलेला आकडा गाठी त्याला पुढचे कर्ज मिळे, आणि जो चुके त्याची नाडी आवळली जाई.

१९६४ साली निर्यात दहा कोटी डॉलरवर गेली, तेव्हा ३० नोव्हेंबर हा 'निर्यात दिन' म्हणून पाळायला सुरुवात झाली. १९७७ साली तीच निर्यात एक हजार कोटी डॉलरवर पोहोचली. सुरुवातीचा माल काय होता? प्लायवूड, कापड आणि केसांचे टोप. हे टोप गरीब घरांतल्या बायकांनी कापून विकलेल्या केसांचे असत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे. हुकूमशाही म्हणजे नुसती लूट, असे या राजवटीबद्दल म्हणता येत नाही. लूट करणारे हुकूमशहा जगाने पुष्कळ पाहिले. पार्क यांनी भांडवलदारांना खिरापत वाटली, पण बदल्यात कामही करून घेतले. हे वेगळेपण नाकारले, तर कोरियाची प्रगती समजणारच नाही.

राष्ट्रवाद कोणाचा?

आता राष्ट्रवादाकडे येऊ. लोकांनी पोटाला चिमटा घ्यायचा, तर त्यांना कारण द्यावे लागते. १९६८ साली सोलच्या ग्वांगह्वामून चौकात सेनापती यी सुन-शिन यांचा भव्य पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी 'राष्ट्रीय शिक्षणाची सनद' जाहीर झाली आणि ती शाळेतल्या पोरांना तोंडपाठ करावी लागे. सत्तरच्या दशकात तर संध्याकाळी झेंडा उतरवताना राष्ट्रगीत लागले, की रस्त्यावरची माणसे जागच्या जागी उभी राहत. पोलीस तरुणांच्या लांब केसांवर आणि मुलींच्या स्कर्टच्या लांबीवर पट्टी घेऊन फिरत. कामगाराला 'औद्योगिक सैनिक' म्हटले जाई. सैनिक म्हटले, की त्याने पगार विचारायचा नसतो.

राष्ट्राचे नाव घेऊन चांगली कामेही झाली. 'नवे गाव' चळवळीत १९७०-७१च्या हिवाळ्यात सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती सिमेंट फुकट मिळाले. गावाने ठरवायचे, रस्ता करायचा की धुण्याची जागा बांधायची. ज्या गावांनी काम दाखवले, त्यांना पुढच्या वर्षी जास्त मिळाले. अनेक म्हाताऱ्या शेतकऱ्यांना पार्क यांचा काळ आठवतो तो या सिमेंटमुळे. त्यांची आठवण खोटी नाही.

पण राष्ट्रवाद ही एकाच्या मालकीची वस्तू नसते. पार्क यांना हे पहिल्यांदा १९६४ साली कळले. जपानशी संबंध सुरळीत करून त्याच्याकडून पैसा आणायचा त्यांचा बेत होता. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पस्तीस वर्षांच्या गुलामीचा हिशेब असा पैशात मिटवायचा नाही, असे त्यांचे म्हणणे होते. राष्ट्राभिमानी सरकारने राष्ट्राभिमानी पोरांवर सैन्य घातले आणि सोलमध्ये लष्करी कायदा लागू केला. २२ जून १९६५ रोजी करार झाला. जपानने ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी डॉलर सवलतीचे कर्ज द्यायचे, आणि दोन्ही देशांचे व त्यांच्या नागरिकांचे एकमेकांवरचे सगळे दावे कायमचे मिटले असे मानायचे.

हा पैसा कुठे गेला? पोहांग नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी पोलादाचा कारखाना काढायचा होता. पाश्चात्त्य देश आणि जागतिक बँक यांनी तो परवडणार नाही म्हणून हात वर केले. मग जपानच्या त्या पैशातले सुमारे १२ कोटी डॉलर तिकडे वळवले गेले. तंत्रज्ञानही जपानी पोलाद कंपन्यांनीच दिले. कारखान्याचे प्रमुख पार्क ते-जून आपल्या माणसांना सांगत, की हा पैसा आपल्या पूर्वजांच्या रक्ताचा आहे, काम फसले तर उजवीकडे वळायचे आणि समोरच्या समुद्रात उडी घ्यायची. जुलै १९७३ मध्ये वर्षाला दहा लाख टनांहून थोड्या अधिक क्षमतेचा कारखाना उभा राहिला. हीच ती पॉस्को कंपनी. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या विळे भागाड औद्योगिक वसाहतीत तिचा कारखाना आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

रक्ताचा पैसा हे शब्द अगदी खरे होते. पण ज्यांचे रक्त होते, त्यांना काय मिळाले? सत्तरच्या दशकात सरकारने सक्तीने नेलेल्यांपैकी सुमारे साडेआठ हजार मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख वॉन दिले. जे जिवंत परतले, अपंग होऊन परतले, त्यांना काहीही नाही. त्यांचा दावा राष्ट्राने त्यांच्या वतीने मिटवला होता, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. या माणसांकडे आपण शेवटी परत येऊ.

माळ्यावरच्या मुली

सोलमध्ये 'शांतता बाजार' नावाची कपड्यांची मोठी बाजारपेठ होती. वर शिवणकामाचे गाळे. मालकांनी एका मजल्याचे दोन केले होते, त्यामुळे त्या माळ्यावर मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येत नसे. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तिथे मदतनीस म्हणून दिवसाला चौदा-चौदा तास राबत. महिन्याला एखाद-दुसरी सुट्टी. कापडाच्या धुळीने छातीचे आजार होत.

चॉन ते-इल हा तिथला कापड बेतणारा तरुण. १९५३ पासून देशात आठ तासांच्या कामाचा कायदा आहे, हे त्याला कळले तेव्हा त्याला आश्चर्य वाटले. कायदा कठीण भाषेत होता, तरी त्याने पुस्तक मिळवून वाचले. गाळ्यांची पाहणी केली, कामगार खात्याकडे अर्ज केले, राष्ट्राध्यक्षांना पत्रही लिहिले. काहीही झाले नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कायद्याचे पुस्तक जाळण्याच्या निदर्शनात त्याने स्वतःलाही पेटवून घेतले. आम्ही यंत्रे नाही, कायदा पाळा, असे तो ओरडत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग वाजतगाजत खुला झाला होता. अडीच वर्षांत पुरा केलेल्या त्या रस्त्यावर ७७ कामगार मेले.

लक्षात घ्या, चॉन ते-इल क्रांती मागत नव्हता. तो सरकारचाच कायदा मागत होता. उद्योगपतीला सरकार निर्यातीचा आकडा मागत असे, पण कामाचे तास कधी विचारत नसे. शिस्त दोघांनाही लावली होती, पण उद्योगपतीला शिस्तीच्या बदल्यात स्वस्त कर्ज होते, आणि मुलींना 'औद्योगिक सैनिक' ही पदवी.

१९७२ साली हे आणखी उघड झाले. बेहिशेबी वाढलेले उद्योग खासगी सावकारी बाजारातल्या कर्जाने गळ्यापर्यंत बुडाले होते. ३ ऑगस्ट रोजी पार्क यांनी हुकूम काढला. कंपन्यांनी घेतलेली ही सारी खासगी कर्जे गोठवली जातील, व्याज महिन्याला १.३५ टक्के, परतफेड तीन वर्षांनंतर सुरू करून पुढच्या पाच वर्षांत. कर्ज देणाऱ्यांत चार पैसे साठवून ठेवायला दिलेले सामान्य लोकही होते. राष्ट्राच्या नावाने त्यांच्या बचतीवर पाणी सोडून उद्योगसमूह वाचवले गेले. खासगी मालमत्ता पवित्र मानणाऱ्या भांडवलशाहीत हे कसे बसते? तर एका हुकमाने बसते.

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला त्यांनी संसद बरखास्त केली आणि 'युशिन' नावाची नवी राज्यघटना आणली. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत किम दे-जुंग यांनी त्यांना घाम फोडला होता. आता तो धोकाच नको. राष्ट्राध्यक्षांची निवड एका विशेष मंडळाकडे गेली. डिसेंबरमध्ये त्या मंडळाच्या २,३५९ मतांपैकी पार्क यांना २,३५७ मते पडली. दोन बाद झाली. पुढच्या ऑगस्टमध्ये गुप्तहेर खात्याने किम दे-जुंग यांना टोकियोच्या हॉटेलातून पळवून आणले. ९ एप्रिल १९७५ रोजी तर आठ जणांना, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर एक दिवसही न उलटता, फाशी देण्यात आली. बत्तीस वर्षांनी, २००७ साली, न्यायालयाने ते आठही जण निर्दोष ठरवले.

शेवटही कारखान्यातूनच आला. ऑगस्ट १९७९ मध्ये केसांचे टोप बनवणारी एक कंपनी बंद पडली. मालक अमेरिकेत, पगार थकलेले. कामगार मुली विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसल्या. पोलिसांनी रात्री घुसून त्यांना बाहेर काढले. त्यात एक मुलगी मेली. विरोधी पक्षाचे नेते किम यंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली, बुसान आणि मासान शहरे पेटली, आणि २६ ऑक्टोबरला जेवणाच्या टेबलावर पार्क यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने त्यांना गोळ्या घातल्या. निर्यातीच्या यशाची सुरुवात ज्या टोपांपासून झाली, त्याच धंद्यातल्या मुलींनी राजवटीचा पाया हलवला.

खंबीर हाताचे श्रेय किती?

मग प्रगतीचे श्रेय कोणाला? पार्क यांच्या आधीच, १९५०च्या जमीनसुधारणेने मोठ्या जमीनदारांची पकड मोडली होती. सात-साडेसात एकरांवर जमीन ठेवता येत नव्हती. प्राथमिक शाळा खेडोपाडी गेल्या होत्या. अमेरिकेची मदत आणि बाजारपेठ होती. व्हिएतनामच्या युद्धात तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिक गेले, सुमारे पाच हजार मेले, आणि तिथली कंत्राटे कोरियन कंपन्यांना मिळाली. पश्चिम जर्मनीच्या खाणींत आणि इस्पितळांत हजारो कोरियन खाणकामगार व परिचारिका राबून घरी पैसे पाठवत होत्या.

शिवाय खंबीर हात एकट्या पार्क यांचाच नव्हता. युशिनच्या महिनाभर आधी फिलिपाइन्समध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा आणला होता. तिथेही राष्ट्राचे नाव होते, तिथेही मर्जीतले उद्योगपती होते. १९८६ साली ते पळाले तेव्हा मागे राहिली ती कर्जे. आणि उत्तर कोरियापेक्षा खंबीर हात कुठे शोधायचा? हुकूमशाहीने कोरिया श्रीमंत झाला असे म्हणणाऱ्याला या दोन शेजाऱ्यांचेही उत्तर द्यावे लागते.

पार्क यांच्यानंतर चुन दू-ह्वान यांनी सत्ता बळकावली आणि मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरातला उठाव सैन्याने रक्तात बुडवला. तरी जून १९८७ मध्ये लाखो माणसे रस्त्यावर आली आणि थेट निवडणूक मान्य करावी लागली. त्या उन्हाळ्यात तीन हजारांहून अधिक संप झाले आणि मजुरी वाढली. खंबीर हात गेला, तर मग प्रगती थांबायला हवी होती. ती थांबली नाही. १९८८ साली वाढीचा दर दहा टक्क्यांच्या वरच होता.

कोसळले ते दहा वर्षांनी, १९९७ साली, आणि जुन्या सवयीमुळेच कोसळले. चेबोल, म्हणजे घराण्यांच्या मालकीचे अवाढव्य उद्योगसमूह, 'आपल्याला सरकार बुडू देणार नाही' या भरवशावर कर्जे काढत राहिले होते. शिस्त लावणारा गेला होता, भरवसा मात्र राहिला होता. देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभा राहिला. मग जानेवारी १९९८ पासून लोकांनी रांगा लावून सोने दिले. बायकांनी लग्नाच्या अंगठ्या दिल्या, खेळाडूंनी पदके दिली. सुमारे ३५ लाख लोकांकडून २२७ टनांच्या आसपास सोने जमले. पुढच्याच वर्षी देवू समूह कोसळला आणि त्याचे प्रमुख परदेशी निघून गेले. एकीकडे राष्ट्रासाठी अंगठी काढून देणारी बाई, दुसरीकडे राष्ट्राच्या जिवावर कर्ज काढून निघून गेलेला उद्योगपती. १९७२ साली बचत हुकमाने घेतली होती, १९९८ साली ती लोकांनी आपखुशीने दिली, एवढाच फरक.

हा फरक लहान नाही, असे मला वाटते. आपखुशीने देणारा माणूस पुढे हिशेबही मागतो. पार्क यांची मुलगी पार्क गन-हे राष्ट्राध्यक्ष झाली आणि उद्योगपतींकडून पैसे घेतल्याचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा २०१६-१७च्या हिवाळ्यात लोक मेणबत्त्या घेऊन ग्वांगह्वामून चौकात जमले. वडिलांच्या राजवटीत उभारलेल्या सेनापती यी यांच्या पुतळ्याभोवतीच ते उभे राहिले. १० मार्च २०१७ रोजी त्यांना पद सोडावे लागले. ३ डिसेंबर २०२४च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. 'राष्ट्रविरोधी शक्ती' हाच जुना शब्द त्यांनी वापरला. काही तासांत १९० खासदारांनी एकमताने तो रद्द ठरवला. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने त्यांना पदावरून दूर केले. त्या रात्री संसदेपुढे जमलेल्या गर्दीत १९८० पाहिलेली माणसेही होती.

आता त्या राबवून घेतलेल्या माणसांकडे परत येतो. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की १९६५च्या कराराने व्यक्तीचा भरपाईचा हक्क संपलेला नाही, आणि जपानच्या निप्पॉन स्टील कंपनीने त्यांना पैसे द्यावेत. चार फिर्यादींपैकी त्या दिवशी एकच जिवंत होता. त्याचे वय होते ९४. जपानने निकाल मान्य केला नाही. २०२३ साली कोरियन सरकारने तोडगा काढला, की भरपाई कोरियातल्याच एका निधीतून द्यायची आणि निधीत १९६५च्या पैशावर उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी वर्गणी घालायची. पॉस्कोने घातली. काही फिर्यादींनी ते पैसे घेतले, काहींनी नाकारले. आम्हाला पैसे नकोत, माफी हवी, असे नाकारणाऱ्यांचे म्हणणे होते.

राष्ट्राच्या नावावर काढलेले कर्ज कधीतरी फेडावे लागते. पोलाद उभे राहिले, जहाजे तरली, यात शंका नाही, आणि त्याचा आनंद कोरियन माणसाला का नसावा? प्रश्न इतकाच की, कर्ज काढताना ज्यांच्या वतीने सही केली, त्यांना विचारले होते का. सोलमध्ये शांतता बाजाराजवळच्या ओढ्यावरच्या पुलावर आता चॉन ते-इलचा पुतळा आहे. सेनापती यी यांच्या पुतळ्याहून तो पुष्कळ लहान आहे. येणारेजाणारे त्याच्याजवळ थांबतात, काही जण फुले ठेवतात. खंबीर हाताची गोष्ट पुन्हा कोणी सांगू लागला, तर हे दोन्ही पुतळे आठवावेत, एवढे सांगून मी थांबतो.